चार पावलं आणि एक घसरण

सुरुवातीलाच एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीचे आठवड्याला तीन तास, त्यातला एक पी.टी.च्या सरांनी पळवलेला. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. तरीही हा लेख इंग्रजी विभागात न देता इथे देतेय, कारण बोलिंगमधलं जे काही मला खरोखर समजलं ते मराठीतूनच समजलं. (बोलिंग म्हणजे क्रिकेटमधली बॉलिंग नव्हे. मॉलमधली, दहा पिनांची, दुसऱ्याचे बूट घालून खेळायची ती.)

लेख लिहायचं दुसरं कारण जरा वाईट आहे. माझ्या अर्धवट शिकवणीमुळे आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाचा गुडघा तीन आठवडे पट्ट्यात होता. त्याबद्दल पुढे सांगतेच. आधी माझी स्वतःची फजिती.

फर्स्ट इयरची परीक्षा संपली त्या दिवशी आम्ही आठजण कोणाच्या तरी बर्थडे ट्रीटला बोलिंगला गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदाच. जो तो सल्ला देत होता आणि सगळे सल्ले हाताबद्दल होते. हात सरळ ठेव, मनगट वळवू नकोस, अंगठा वर. पायांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी बॉल उचलला, बस पकडायला धावतात तशी धावले, आणि फाऊल लाईन आली तरी थांबता येईना. डावा पाय रेषेच्या पलीकडे पडला. पलीकडे असतं तेल. लेनच्या लाकडाला किंवा सिंथेटिकला रेषेपासून सुमारे चाळीस फुटांपर्यंत तेलाचा पातळ थर दिलेला असतो, ही माहिती मला पाठीवर पडल्यावर मिळाली. बॉल गटरमध्ये, मी लेनवर, आणि मनगट सुजलेलं. इंजिनिअरिंग ड्रॉईंगची पुढची दोन शीट्स मी कशी काढली ते माझं मला माहीत.

त्यानंतर वर्षभर मी रेषेजवळ उभी राहूनच बॉल सोडायचे. देवळाबाहेर चप्पल काढून उभं राहावं तशी. स्कोअर ऐंशी-नव्वदच्या वर कधी गेला नाही. आणि 'मला स्पीड नको, ॲक्युरसी हवी' असं मीच सगळ्यांना सांगायचे. खोटं होतं ते. मला भीती वाटत होती.

आम्ही जातो तिथे एक काका आहेत. पिना उभ्या करणारं मशीन अडकलं की मागे पळत जातात, एरवी काउंटरपाशी बूट पुसत बसतात. एका दुपारी लेन रिकाम्या होत्या. त्यांनी माझे पाच-सहा बॉल बघितले आणि म्हणाले, "ताई, हात चांगला आहे तुमचा. पण पाय घरी ठेवून येता का?"

मी म्हटलं, "काका, धावले की पडते मी."

"धावायला कोणी सांगितलं? चालत जायचं आणि सोडून द्यायचा. शेवटचं पाऊल घसरवायचं. ते घसरलं नाही तर तुम्ही घसरणार."

हे वाक्य मला तेव्हा डायलॉग वाटलं. नंतर कळलं की अप्लाइड मेकॅनिक्सच्या दोन चॅप्टरचं सार त्यात आहे.

आता जागेचा नकाशा. फाऊल लाईनपासून पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट. लेन साडेएक्केचाळीस इंच रुंद, त्यात ३९ पट्ट्या. रेषेच्या अलीकडे चालायची जागा किमान १५ फूट, तिला ॲप्रोच म्हणतात. ॲप्रोचवर साधारण १२ आणि १५ फुटांवर ठिपक्यांच्या रांगा असतात. मला वर्षभर ते डेकोरेशन वाटत होतं. ते पाय ठेवायला आहेत.

कुठे उभं राहायचं हे ठरवायची पद्धत मजेशीर आहे. पिनांकडे पाठ करा, टाचा रेषेच्या दोन बोटं अलीकडे ठेवा, आणि नेहमीच्या चालीने चार पावलं चाला. वर अर्धं पाऊल घसरणीसाठी. तिथे वळून उभे राहा. झाली तुमची जागा. माझी चाल छोटी असल्यामुळे मी बारा फुटांच्या ठिपक्यांच्या किंचित पुढे येते. आमच्यातला सहा फुटी मुलगा थेट पंधराच्या रांगेपाशी जातो. दुसऱ्याची जागा कॉपी करू नका, इथे ते चालत नाही. (जर्नलमध्ये चालतं.)

उजव्या हाताने टाकणाऱ्याची चार पावलं अशी: उजवा, डावा, उजवा, आणि डावा घसरतो. पाच पावलांवाले डाव्याने सुरुवात करतात, त्यांचं पहिलं पाऊल नुसतं गाडी स्टार्ट करायला. डावखुऱ्यांनी सगळं आरशातलं वाचायचं. त्यांनी खट्टू होऊ नये म्हणून सांगते, फिलिपाईन्सचे पाएंग नेपोमुसेनो डावखुरेच, आणि बोलिंगचा वर्ल्ड कप त्यांनी १९७६, १९८०, १९९२ आणि १९९६ असा चार वेळा जिंकला. त्यांचा घसरणारा पाय अर्थातच उजवा.

पहिलं पाऊल आणि बॉल पुढे ढकलणं हे एकदमच झालं पाहिजे. उजवा पाय निघाला की दोन्ही हातांनी बॉल पुढे. पाऊल छोटं, इतकं छोटं की लाज वाटावी. आमच्यापैकी बहुतेकजण इथेच चुकतात. पाय निघतो आणि बॉल छातीशीच राहतो, मग सगळी वरात उशिरा. दुसऱ्या पावलाला बॉल खाली येऊन उजव्या पायाजवळून मागे जातो. तिसऱ्याला तो मागे सर्वात वर. चौथं पाऊल घसरतंय तोवर तो खाली येऊन पायाच्या घोट्याशी सुटतो.

आता मला सांगा, हे बघून तुम्हाला काही आठवतं का? बारावीच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी पेंडुलम हलवत वीस आंदोलनं मोजली आहेत (आणि बारा झाल्यावर कंटाळून उरलेली मनानेच लिहिली आहेत). बोलिंगचा हात म्हणजे तोच पेंडुलम. खांदा हा खिळा, हात दोरा, बॉल हा गोळा. माझ्या खांद्यापासून बॉलच्या मध्यापर्यंत अंतर भरतं सुमारे ७० सेंटिमीटर. सूत्रात घाला: दोन पाय गुणिले वर्गमुळात एल भागिले जी. उत्तर येतं १.६८ सेकंद. हा झाला एक पूर्ण झोका. पाव झोका म्हणजे साधारण ०.४२ सेकंद.

आणि बघा, पुढून खाली पाव झोका, खालून मागे वर पाव झोका, मागून परत खाली पाव झोका. दुसरं, तिसरं आणि चौथं पाऊल. प्रत्येक पावलाला एक पाव! तीन पावलांना सव्वा सेकंद. प्रत्यक्षात झोका बराच मोठा असल्यामुळे थोडं जास्तच लागतं, शिवाय खांदा स्वतः पुढे सरकतोय वगैरे भानगडी आहेत, त्या सोडून देऊ. मुद्दा हा की ही वेळ तुम्ही ठरवत नाही. तुमच्या हाताची लांबी आणि पृथ्वी ठरवते. बॉलच्या वजनाचाही तिच्याशी संबंध नाही, आठ पाउंडाचा घ्या नाहीतर सोळाचा.

मी रूममेटला माझा व्हिडिओ काढायला लावला आणि हॉस्टेलवर येऊन फ्रेम मोजल्या. सेकंदाला तीस फ्रेम. सव्वा सेकंद म्हणजे सदतीस-अडतीस फ्रेम व्हायला हव्यात. माझ्या भरल्या सत्तावीस! म्हणजे माझे पाय ०.९ सेकंदात रेषेवर हजर आणि हात बिचारा अजून मागेच. मग काय, खांद्याने ओढून आणायचा. ओढला की बॉल डावीकडे जातो, आणि लोक सांगतात मनगट सरळ ठेव. मनगटाचा काय दोष? लोकलला उशीर झाला म्हणून स्टेशनमास्तरला शिव्या देण्यासारखं आहे ते.

म्हणून पायांनी हाताची वाट बघायची, हाताने पायांची नाही. हे एकदा डोक्यात शिरलं की अर्धं काम झालं. मी मनात लेझीम मोजते. शाळेत १५ ऑगस्टला आम्हाला लेझीम असायची (सिस्टरना ती फारच आवडायची), तिचा सावकाश चाललेला ठेका इथे चपखल बसतो. पहिली दोन पावलं आरामात, मग किंचित वाढवत न्यायचं. उलटं केलं, म्हणजे आधी धावून शेवटी ब्रेक मारला, तर सगळं संपलं.

'मग स्पीड कुठून येणार?' हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. उंचीवरून. बॉल खांद्याच्या उंचीवरून मोकळा सोडला तर ७० सेंटिमीटर खाली येईपर्यंत त्याला सेकंदाला ३.७ मीटर वेग मिळतो, म्हणजे ताशी तेरा किलोमीटर. मी उभ्याने टाकायचे तेव्हा स्क्रीनवर तेरा-चौदाच यायचे. आता त्यात चालण्याचा वेग घाला, सेकंदाला दोन मीटर धरा. झाले ताशी वीस. अंगातली एकही नस न ताणता सहा-सात किलोमीटर फुकट. तरीही वेग कमी वाटला तर सुरुवातीला बॉल चार बोटं वर धरा. धावू नका.

तिसऱ्या पावलाबद्दल थोडं. याला पॉवर स्टेप म्हणतात. नावावरून वाटतं काहीतरी जोर लावायचा असेल, तसं नाही. हे पाऊल छोटं आणि चटकन पडतं, गुडघे वाकतात, कंबर खाली येते आणि उजव्या पायाने जमीन मागे ढकलून शरीर डाव्या पायावर सोपवायचं. कबड्डीत चढाई करणारा मिडलाईन ओलांडताना कसा खाली बसतो, तसं. ताठ उभं राहून घसरायला गेलात तर स्वतःच्या उंचीसकट कोसळाल. मात्र एक लक्षात घ्या. भाड्याच्या बुटांचे दोन्ही तळवे गुळगुळीत असतात, कारण ते डाव्या-उजव्या सगळ्यांना चालायला हवेत. स्वतःचे बूट असतील तर उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजव्या बुटाला रबर आणि डाव्याला कातड्यासारखा घसरता तळवा असतो. त्यामुळे भाड्याच्या बुटांत ढकलायला जमिनीची पकडच नसते. ज्याने तिथे पॉवर स्टेप जोरात मारली त्याचा उजवा पाय मागच्या मागे जातो. भाड्याच्या बुटांत सौम्य चालायचं, बस.

आता घसरण. या एका गोष्टीसाठी मी लेख लिहायला घेतला आणि इथे यायला इतकी पानं लागली!

आधी हे सांगा, घसरायचं कशाला? पचकन पाय रोवून का नाही थांबायचं? सिटी बसमध्ये उभं राहून प्रवास केला असेल तर उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. ड्रायव्हर कचकन ब्रेक मारतो तेव्हा पाय बसबरोबर थांबतात आणि बाकीचे आपण पुढच्या काकूंच्या अंगावर. तेच इथे. तुमचं शरीर सेकंदाला दोन मीटरने पुढे चाललंय, पाय एकदम रोवला तर कंबरेपासून वरचा भाग पुढे कलंडतो, खांदा खाली पडतो आणि झोक्याचा खिळाच हलतो. खिळा हलला की पेंडुलम कुठे जाईल याची गॅरंटी नाही. घसरताना मात्र वेग हळूहळू संपतो. खांदा शांत राहतो. आणि शरीर मंदावत असताना बॉल आपल्या वेगाने पुढे निघून जातो, बसमधल्या उभ्या माणसासारखाच, फक्त इथे ते आपल्याला हवं असतं.

किती घसरायचं याचा हिशेब सोपा आहे. घर्षणाने थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन म्यू जी. वेग दोन मीटर धरला आणि बूट-जमिनीचा म्यू ०.४ असेल तर अंतर येतं अर्धा मीटर, जवळजवळ वीस इंच. म्यू ०.६ झाला तर तेरा-चौदा इंच. ०.८ झाला तर दहा. हे आकडे समजण्यापुरते, कारण खऱ्या पायावर वजन हळूहळू येतं. पण सूत्रात वस्तुमान नाही हे बघितलंत का? जाडे-बारीक सगळे सारखेच घसरणार. फरक पाडतो तो वेग आणि म्यू. वेग आपल्या हातात. म्यू बुटाच्या आणि फरशीच्या हातात, आणि तो रोज बदलतो. हे वाक्य मी आत्ता लिहिलं, पण जुलैमध्ये मला सुचलं नव्हतं.

पाय कसा टेकवायचा? मला सर्वात जास्त वेळ याला लागला. मी तो ठेवायचे. तो ठेवायचा नसतो. इस्त्री आपण कपड्यावर आपटत नाही, सरकवतच टेकवतो, तसा डावा पाय पुढे सरकत असतानाच जमिनीला लागला पाहिजे. आधी चवडा, मग सरकत सरकत वजन येईल तशी टाच. टाच हा ब्रेक आहे. टाच आधी लागली तर गाडी तिथेच उभी. बोट पिनांकडे, आणि गुडघा बोटाच्याच दिशेला. गुडघा एकीकडे आणि पाय दुसरीकडे असा प्रकार अजिबात नको. शेवटी पायाचं बोट रेषेच्या तीन-चार इंच अलीकडे थांबलं की झकास. रेषेला शिवलात तर नियमाने त्या बॉलच्या पिना शून्य, बॉल मात्र मोजला जातो. मॉलमधल्या बऱ्याच ठिकाणी फाऊलचा दिवा बंदच ठेवतात, त्यामुळे आपल्याला वाईट सवय लागते.

आणि उजवा पाय? तो मागे डावीकडे जातो, बोटं जमिनीला टेकलेली. फोटोत तो नखरा वाटतो, पण त्याला कारण आहे. खांद्याच्या उंचीवरून मोकळा सोडलेला गोळा झोक्याच्या तळाशी आला की दोऱ्यातला ताण त्याच्या वजनाच्या तिप्पट असतो (काढून बघा, दोन ओळींचं आहे, व्हायव्हाला विचारतात). म्हणजे बारा पाउंडाचा बॉल त्या क्षणी छत्तीस पाउंडांचा, सोळा किलोंचा. शरीराच्या एकाच बाजूला सोळा किलोंची पिशवी लटकली तर दुसऱ्या बाजूला काहीतरी टाकायला नको का? तो पाय आणि पसरलेला डावा हात. आमच्यातले जे वीर इम्प्रेशन मारायला सोळा पाउंडाचा बॉल उचलतात त्यांनी अठ्ठेचाळीसचा विचार करावा.

काकांनी मला एक युक्ती दिली. "बॉल सुटल्यावर पिना पडेपर्यंत फोटो काढतायत असं समजा. हलायचं नाही." हलायचं नाही म्हटल्यावर लगेच कळतं आपण कुठे तोल गमावतोय. माझा तोल पहिला महिनाभर उजवीकडे जायचा, कारण तिसरं पाऊल बाहेर पडत होतं.

याच फोटोच्या वेळी खाली बघून एक नोंद करायची: घसरता पाय कितव्या पट्टीवर थांबला? समजा मी विसाव्या पट्टीवरून निघाले आणि तेविसाव्यावर थांबले. तीन पट्ट्या, म्हणजे तीनच इंच. काय बिघडतं? बिघडतं असं. लेनवर नेम धरायला बाण असतात, मधला रेषेपासून सुमारे १६ फुटांवर आणि कडेचे त्याच्या अलीकडे. हिशेबासाठी १५ धरू. बॉल सरळ जातोय आणि मी बाण अचूक गाठतेय. तरीही रेषेवर तीन पट्ट्या सरकले असेन तर उरलेल्या ४५ फुटांत ती चूक तिप्पट होऊन उलट्या बाजूला बाहेर पडते. नऊ पट्ट्या! साडेनऊ इंच. पिनांच्या मध्यांमधलं अंतरच १२ इंच असतं. म्हणजे हात निर्दोष, नेम निर्दोष, आणि पहिल्या पिनेला स्पर्शही नाही. हे समान त्रिकोण आहेत, शाळेतले.

आता जुलै.

मी चार पावलं बऱ्यापैकी शिकले होते, स्कोअर शंभरी ओलांडायला लागला होता आणि नवशिक्याला जसा उपदेशाचा झटका येतो तसा मला आला होता. आमच्या ग्रुपमधला एकजण पाय रोवून थांबायचा. मी त्याला दोन रविवार नुसतं "स्लाईड कर, घाबरू नकोस, पायावर भरवसा ठेव" असं घोकून घेतलं. तो मनापासून शिकला. इतका की त्याने वापरलेले का होईना, स्वतःचे बूट घेतले. डावा तळवा घसरता, उजवा रबराचा. तिसऱ्या रविवारी बाहेर धो धो पाऊस. दोन गेम झाले, तो छान घसरत होता. मग तो टॉयलेटला जाऊन आला. त्याच बुटांत.

ओला तळवा कोरड्यासारखा घसरत नाही, चिकटतो. त्याने माझ्यावर विश्वास ठेवून पूर्ण वेगाने, पूर्ण वजन टाकून पाय सरकवला आणि पाय सरकलाच नाही. मी मागे खुर्चीवर होते. कर्र असा बुटाचा आवाज आला, बॉल धपकन लेनवर, आणि तो गुडघा धरून खाली. डॉक्टरांनी सांगितलं लिगामेंट ताणलंय, तुटलेलं नाही. नशीब. तीन आठवडे पट्टा. वर्कशॉपची टर्न त्याने स्टुलावर बसून केली आणि एकदाही मला काही बोलला नाही, हे जास्त वाईट.

मी त्याला घसरायला शिकवलं होतं. घसरण्याआधी तपासायला नाही. कारण मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. काकांकडे गेले तर ते म्हणाले, "अगं पोरी, पावसाळ्यात मी रोज सकाळी अख्खा ॲप्रोच स्वतःच्या पायाने तपासतो. तुम्ही पोरं सरळ धावत सुटता." ताईची पोरी झाले ती त्या दिवशी.

तर उरलेली अर्धी शिकवणी ही. लेनवर गेल्यावर बॉल हातात घेण्याआधी रेषेजवळ उभं राहून डावा पाय रिकामा सरकवून बघायचा, चार-पाच वेळा, वजन थोडं थोडं वाढवत. हे दर वेळी. जागा सोडून कुठेही गेलात तर परत आल्यावर पुन्हा. स्वतःचे बूट घालून टॉयलेट, काउंटर, कोल्ड्रिंकचा स्टॉल असं हिंडायचं नाही, एकतर बदला नाहीतर वरून कव्हर चढवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मॉलच्या फरशीवर छत्र्यांचं पाणी सगळीकडे असतं. ॲप्रोचवर कोणाचं पेय सांडलं तर खेळ थांबवून काउंटरवर सांगा, लाजू नका. तळवा गुळगुळीत होऊन चकाकायला लागला आणि फार घसरायला लागला, किंवा मळून चिकटायला लागला, तर तारेच्या ब्रशने हलकेच घासायचा. आणि टाल्कम पावडर! आमच्यातल्या एकाने बुटाला पावडर लावली तेव्हा काका पहिल्यांदा ओरडले. ती ॲप्रोचवर सांडते आणि पुढचा माणूस आपटतो. नियमातही ॲप्रोचवर असलं काही टाकायला बंदी आहे. पाय चिकटतोय असं वाटलं तर त्या दिवशी हळू चाला, वेगाचा वर्ग आठवा: वेग निम्मा केला तर थांबायचं अंतर पाव होतं. चिकटलात तरी झटकाही तितकाच हलका.

सरावाला दर वेळी पैसे मोजायची गरज नाही, हॉस्टेलवर भरपूर करता येतं. कॉरिडॉरमध्ये रात्री अकरानंतर मोजे घालून चार पावलं, बॉलशिवाय. टाईल्सवर मोजे मस्त घसरतात. भिंतीसमोर करू नका. दुसरा सराव माझा स्वतःचा, त्याचा मला जरा अभिमान आहे. दुधाची कडीवाली किटली घ्या, अर्धी पाण्याने भरा, आणि उभ्या जागी हात सैल सोडून झुलवा. हात खरोखर सैल असेल तर पाणी किटलीत शांत राहतं, तिरकी झाली तरी. मोकळ्या झोक्यात त्याला 'खाली' म्हणजे दोऱ्याच्याच दिशेला वाटतं. तुम्ही स्नायूने ओढलंत की लगेच हिंदकळून सांडतं. खोटं बोलता येत नाही. फक्त हे दोन सराव एकाच कॉरिडॉरमध्ये एकापाठोपाठ करू नका. आमच्या रेक्टर मॅडमना विचारा का ते.

गेल्या रविवारी तो पुन्हा आला. आम्ही सगळे उगाचच मोबाईलमध्ये बघत असल्यासारखं करत होतो. त्याने बूट पिशवीतून काढले, कोरडे मोजे घातले, रेषेपाशी जाऊन डावा पाय सरकवला. एकदा, दोनदा, पाचदा, सातदा. मागच्या लेनवरची पोरं हसत होती. मग तो वळला, टाचा रेषेजवळ ठेवून चार पावलं मोजली, आणि मला म्हणाला, "तू पट्टी बघ, कितव्यावर थांबतो ते."

एकवीसवरून निघाला, एकवीसवर थांबला. पाय सात-आठ इंच सरकला असेल, फार नाही. मागचा पाय टेकलेला, हात तसाच पुढे, पिना पडेपर्यंत हलला नाही. नऊ पडल्या. उजव्या कोपऱ्यातली दहावी डुलली आणि उभीच राहिली. काका मशीनमागून ओरडले, "फोटो चांगला आलाय रे!"